पगार लांबला तर दाद कोणाकडे? चरोद्याच्या निमित्ताने नव्या वेतन संहितेचा अन्वयार्थ

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी दुर्ग आणि भिलाई सोडून रायपूरच्या दिशेने धावू लागली की चरोद्याचे विस्तीर्ण रेल्वे यार्ड लागते. ‘बी.एम.वाय.’ म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड या नावाने ते ओळखले जाते. भिलाई पोलाद कारखान्याकडे जाणारा कच्चा माल आणि तेथून बाहेर पडणारे पोलाद यांच्या वाघिणींची जुळवाजुळव येथे होते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. गोंदिया, भंडारा, नागपूरकडून रेल्वे आणि पोलादाच्या नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली आहेत.

आज या पट्ट्यात कायम नोकरदारांच्या बरोबरीने ठेकेदारांच्या हजेरीपटावरील कामगार राबतात. साफसफाई, मालाची चढउतार, रुळांची देखभाल, भट्ट्यांच्या परिसरातील कामे, सुरक्षा अशी कितीतरी कामे ठेक्याने दिली जातात. अशा कामगाराचा पगार लांबला आणि त्याने मुकादमाकडे विचारणा केली तर बहुधा एकच उत्तर मिळते: वरून बिल निघालेले नाही. हे उत्तर कित्येकदा खरेही असते. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याला काय किंमत आहे, हा प्रश्न नव्या कामगार संहिता अमलात आल्यानंतर पुन्हा विचारण्याजोगा झाला आहे.

सात तारखेची मर्यादा

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांपैकी वेतन संहिता, २०१९ ने १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाची जागा घेतली. जुन्या कायद्यानुसार हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने पुढील महिन्याच्या सात तारखेपूर्वी आणि त्याहून मोठ्या आस्थापनेने दहा तारखेपूर्वी पगार देणे बंधनकारक होते. नव्या संहितेत हा भेद राहिलेला नाही. मासिक पगार असलेल्या प्रत्येकाला सातवा दिवस संपण्यापूर्वी पैसे मिळाले पाहिजेत. रोजंदारीवरील मजुराला पाळी संपताच, आठवड्याच्या मजुरीवरील कामगाराला साप्ताहिक सुट्टीपूर्वीच्या कामाच्या शेवटच्या दिवशी आणि पंधरवड्याच्या मजुरीवरील कामगाराला पंधरवडा संपल्यानंतर दोन दिवसांच्या आत मोबदला द्यावयाचा आहे. कामगाराला काढले, त्याने राजीनामा दिला किंवा आस्थापनाच बंद पडली, तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावा लागतो.

याहून महत्त्वाचा बदल कक्षेचा आहे. २०१७ पासून जुना कायदा दरमहा २४,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच लागू होता. त्यावरील अभियंता, खासगी शाळेतील शिक्षक किंवा वृत्तपत्रातील उपसंपादक यांना थकीत पगारासाठी दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट धरावी लागे. संहितेत ही मर्यादा नाही. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक वर्गातील कर्मचारीही आता त्याच प्राधिकाऱ्यापुढे दावा मांडू शकतात.

‘बिल निघाले नाही’ ही सबब संहितेत कोठेही मान्य केलेली नाही. ठेकेदार हा कायद्याच्या व्याख्येत स्वतः मालक आहे आणि त्याचा मुख्य नियोक्त्याशी असलेला हिशेब हा त्या दोघांचा व्यवहार आहे. कामगाराने त्यात थांबून राहावे, असे कायदा म्हणत नाही.

उशिराचे व्याज कोणाच्या खिशात?

ही सबब इतकी सर्रास का चालते, याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. समजा, एका ठेकेदाराकडे ५०० कामगार आहेत आणि प्रत्येकाला दरमहा १५,००० रुपये मिळतात. म्हणजे महिन्याची रक्कम ७५ लाख रुपये झाली. ती १५ दिवस रोखून धरली तर वार्षिक १२ टक्के दराने सुमारे ३७,००० रुपयांचे बँकेचे व्याज वाचते. कामगारांनी ठेकेदाराला दिलेले हे बिनव्याजी कर्जच म्हणावे लागेल.

दुसऱ्या बाजूला याच १५ दिवसांत प्रत्येक कामगाराने किराणा आणि घरभाड्यासाठी ५,००० रुपये महिना पाच टक्के दराने उसने घेतले, तर प्रत्येकी १२५ रुपये म्हणजे एकूण ६२,५०० रुपये व्याजात जातात. ज्याला बँक कमी दराने पैसे देते तो वाचवितो. ज्याला बँक दारात उभे करीत नाही तो सावकाराला भरतो.

आता दंडाकडे पाहावे. देय रकमेपेक्षा कमी वेतन दिल्यास संहितेत ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अन्य तरतुदींच्या भंगासाठी कमाल दंड २०,००० रुपये आहे आणि पूर्ण पगार देऊन केवळ मुदत चुकविणे हे मजकुरावरून पाहता या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यातही खटला भरण्यापूर्वी निरीक्षकाने मालकाला लेखी निर्देश देऊन चूक सुधारण्याची संधी द्यावयाची आहे. ती साधली तर खटला उभा राहत नाही. पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास मात्र ही सवलत मिळत नाही आणि कारावासाचीही तरतूद आहे. वरील हिशेबातील ३७,००० रुपयांसमोर २०,००० रुपयांचा दंड ठेवला की पहिल्या चुकीपुरता तरी उशीर ठेकेदाराला परवडणाराच ठरतो, हे उघड आहे. संहितेचे हे अंग दुबळे आहे.

तिचे बळ दंडात नसून भरपाईत आहे. जुन्या कायद्यात केवळ उशिरासाठी मिळणारी भरपाई, २००५ च्या दुरुस्तीनंतरही, १,५०० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान असे. नव्या संहितेनुसार दावा मंजूर करणारा प्राधिकारी ठरलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. यात किमान रक्कम निश्चित केलेली नाही, त्यामुळे भरपाई किती द्यावी हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. तरीही ५०० कामगारांनी एकत्र दावा केल्यास ठेकेदाराचे सारे गणित कोलमडण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे.

मुख्य नियोक्त्याची जबाबदारी

ठेकेदार हात वर करतो तेव्हा कामगाराने कोठे पाहावे, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात १९७० पासून आहे. त्या वर्षीच्या कंत्राटी कामगार अधिनियमाने ठेकेदाराने पगार न दिल्यास तो मुख्य नियोक्त्याने द्यावा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावा, असे सांगितले होते. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला आणखी धार दिली. तेथे दिवसाची किमान मजुरी सव्वानऊ रुपये होती आणि जमादार त्यातील एक रुपया कापून घेत. न्या. भगवती यांच्या निकालाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी असल्याचे म्हटले आणि काम ठेकेदाराकडे सोपविल्याने सरकारी यंत्रणांची जबाबदारी संपत नाही, हेही बजावले.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेने हे तत्त्व कायम ठेवले असून ठेकेदाराने परवान्यासाठी ठेवलेल्या अनामत रकमेतून मजुरी देण्याचा आदेशही सरकार काढू शकते. मात्र पूर्वी २० कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होणारी ही व्यवस्था आता ५० कामगारांपासून पुढे लागू होते. यार्डात किंवा लहान कारखान्यात ३०-४० माणसे पुरविणारा ठेकेदार त्यामुळे या कक्षेबाहेर जातो.

तेथे वेतन संहितेचे ४३ वे कलम उपयोगी पडू शकते. मालकाने पगार दिला नाही तर ज्या आस्थापनेत कर्मचारी काम करतो तिची मालकी असलेली कंपनी, संस्था किंवा व्यक्ती जबाबदार राहील, असे ते कलम म्हणते आणि त्यात कामगारांच्या संख्येची अट नाही. न्यायालये या शब्दांचा अर्थ किती व्यापक लावतात, यावर लहान ठेकेदारांकडील कामगारांचे बरेच काही अवलंबून राहील.

दार कोणते, पुरावा कोणता

चरोद्यासारख्या गावात आणखी एक अडचण येते. एकाच वस्तीत शेजारी राहणाऱ्या तीन कामगारांची कार्यालये वेगवेगळी असू शकतात. रेल्वे यार्डात ठेक्यावर काम करणारा आणि भिलाई पोलाद कारखान्यात ठेक्यावर काम करणारा, या दोघांच्या बाबतीत समुचित सरकार केंद्राचे आहे. कारण रेल्वे आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम तसेच त्यांच्यासाठी काम करणारे ठेकेदार संहितेने केंद्राच्या अखत्यारीत ठेवले आहेत. त्यांची तक्रार मुख्य श्रम आयुक्त (केंद्रीय) यांच्या यंत्रणेकडे जाते. खासगी औद्योगिक वसाहतीतील कामगाराचे दार मात्र छत्तीसगड सरकारच्या श्रम विभागाचे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो आणि कामगाराचा धीर तेथेच सुटतो.

केंद्रीय यंत्रणेकडील तक्रारींसाठी ‘समाधान’ हे संकेतस्थळ आहे. रेल्वेने २०१८ मध्ये ‘श्रमिक कल्याण’ हे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू करून ठेकेदारांना कामगारांच्या वेतनाचा तपशील त्यावर भरण्यास सांगितले. त्यामुळे कोणाला किती आणि कधी पैसे दिले, हे मुख्य नियोक्त्याला कार्यालयात बसून पाहता येते आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही.

संहितेने पगाराची चिठ्ठी देणे सर्व मालकांवर बंधनकारक केले आहे. पगार दिला की नाही याचा वाद उपस्थित झाला तर तो दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, कामगारावर नाही. तरीही आपण तेथे कामाला होतो एवढे कामगाराला दाखवावेच लागते. प्रवेशपत्र, हजेरी कार्डाचे छायाचित्र, भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक, मुकादमाने भ्रमणध्वनीवर पाठविलेले संदेश आणि बँकेच्या पासबुकातील मागील नोंदी यांना अशा वेळी मोठे मोल येते. पासबुकातील जमा रकमेच्या तारखा तर उशिराचा चालताबोलता पुरावा असतात.

बँकेतून पगार होऊ लागल्याने सारे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. खात्यात पूर्ण रक्कम जमा करावयाची आणि कामगाराचे एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवून किंवा नोकरीची भीती दाखवून त्यातील काही भाग रोखीने परत घ्यावयाचा, ही कंत्राटी कामगारांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. अशा प्रकरणात पासबुक कामगाराच्या विरुद्ध साक्ष देते. रक्कम परत मागितली गेल्याबरोबर लेखी तक्रार नोंदविणे आणि ती एकट्याने न करता अनेकांनी मिळून करणे, हाच यावरील व्यवहार्य मार्ग दिसतो.

दावा कर्मचाऱ्याला स्वतः, त्याच्या नोंदणीकृत संघटनेला किंवा निरीक्षकाला दाखल करता येतो आणि अनेक कामगारांच्या वतीने एकच अर्ज चालतो. एकट्याने पुढे आलेल्या माणसाचे नाव दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरून गळण्याची भीती असते. संघटनेच्या नावाने गेलेल्या अर्जात ती पुष्कळ कमी होते. दाव्याची मुदत पूर्वी १२ महिन्यांची होती, ती आता तीन वर्षांची आहे. निकाल तीन महिन्यांत देण्याचा ‘प्रयत्न करावा’ असे संहिता म्हणते. ही भाषा आदेशाची नाही, अपेक्षेची आहे आणि आपल्याकडील कामगार कार्यालयांतील रिक्त पदे ध्यानात घेता ती अपेक्षा कितपत पूर्ण होईल याविषयी शंका वाटणे स्वाभाविक आहे. निकालानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते.

संहितेबाहेरचे कर्मचारी

सरकारी आस्थापनांना मात्र संहितेतील वेतन प्रदानाचे प्रकरण, सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. इतरांना सात तारखेचे बंधन घालणाऱ्या सरकारने स्वतःला त्यातून वगळावे, ही विसंगती नजरेत भरते. अशा कर्मचाऱ्यांना उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो. करोना साथीच्या प्रारंभी आंध्र प्रदेश सरकारने मार्च आणि एप्रिल २०२० चे वेतन व निवृत्तिवेतन अंशतः लांबणीवर टाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये वेतन हा केलेल्या सेवेचा हक्काचा मोबदला असल्याचे सांगून लांबलेल्या रकमेवर सहा टक्के व्याज देण्यास लावले. उच्च न्यायालयाने १२ टक्के दर ठरविला होता, तो निम्मा झाला. परंतु आर्थिक अडचणीमुळे पगार लांबविणाऱ्या सरकारलाही व्याज मोजावे लागते, हा दंडक कायम राहिला.

कंपनीच बुडाली तर वाट अधिक बिकट होते. मुंबईतील जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली तेव्हा कर्मचाऱ्यांचे अनेक महिन्यांचे पगार थकलेले होते. पुनरुज्जीवनाची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली आणि अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. २०१६ च्या नादारी संहितेत कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात. अन्य कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्यानंतर येतात. थकबाकीदार कंपनीविरुद्ध नादारीचा अर्ज करण्यासाठी पूर्वी एक लाख रुपयांची थकबाकी पुरे होती. मार्च २०२० मध्ये ही मर्यादा एक कोटीवर नेण्यात आली आणि कर्मचाऱ्यांच्या हातातील एक दबावाचे साधन जवळजवळ गेले.

संपाचे हत्यार

भिलाईच्या परिसरात वेतनाचा प्रश्न कार्यालयांपेक्षा रस्त्यावर अधिक वेळा लढला गेला, याचा विसर पडणे कठीण आहे. पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींतील ठेका मजुरांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभारली. कामावर हजर राहूनही काम न मिळालेल्या दिवसांची मजुरी आणि पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी बांबूचे पैसे, या त्यांच्या मागण्या होत्या. मागण्या मान्य झाल्या. पण पैसे हातात पडण्याची वेळ आली तेव्हा ठेकेदारांनी नकार दिला. नियोगी यांना अटक झाली आणि २ व ३ जून रोजी झालेल्या पोलीस गोळीबारांत ११ जण मृत्युमुखी पडले. मान्य झालेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांतील अंतर किती महाग पडू शकते, ते तेथे दिसले.

पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांनी जगण्यापुरते वेतन आणि कायम नोकरी यांसाठी आंदोलन केले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक कामगार ठार झाले. चरोद्याच्या यार्डातून जाणारा लोहमार्ग तोच आहे.

आता संपाची वाट अधिक अरुंद झाली आहे. पूर्वी संपाची पूर्वसूचना देण्याचे बंधन मुख्यतः सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरते होते. औद्योगिक संबंध संहितेने १४ दिवसांची नोटीस सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली असून समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच समजला जातो. सात तारखेला पगार झाला नाही म्हणून आठ तारखेला काम बंद करणारे कामगार त्यामुळे बेकायदा ठरतात आणि उशीर करणाऱ्या ठेकेदाराला निरीक्षकाकडून सुधारण्याची संधी मिळते. दोन संहितांच्या तराजूत हे पारडे एकीकडे झुकलेले आहे.

संपाने काय साधते, याचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण राज्य परिवहन महामंडळाचे आहे. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचे काही महिन्यांचे पगार रखडले आणि राज्य सरकारला एक हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप, महामंडळाचे शासनात विलीनीकरण करावे या मागणीवर, एप्रिल २०२२ पर्यंत चालला. विलीनीकरण झाले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये वेतनवाढीबरोबरच दर महिन्याचा पगार दहा तारखेपूर्वी होईल, असे आश्वासन मात्र सरकारने दिले. त्यानंतरही काही महिन्यांत दहा तारीख उलटल्याच्या तक्रारी झाल्या. प्रवासी मोटार वाहतूक १९३६ च्या कायद्याच्या कक्षेत होती आणि हजारांहून अधिक कामगारांच्या आस्थापनेने दहा तारखेपूर्वी पगार द्यावा, हे त्यात ८५ वर्षांपासून लिहिलेलेच होते.